पॉलिश वर्षातून एकदाच बास

संपादक साहेब, नमस्कार.

होटगी रोडला राहतो, धुळीचं काय विचारू नका, म्हणून मी दर दोन महिन्याला गाडीला मशीन पॉलिश मारून घ्यायचो आणि दुकानदार पण कधी नको म्हणला नाही, आता बॉनेटची चमकच गेलीय. पॉलिश म्हणजे रंगावरचा क्लिअर कोट, म्हणजे पारदर्शक थर, थोडा थोडा घासून काढणं, तो असतो जेमतेम 40-50 मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), गेला की परत येत नाही. वर्षातून एकदा, तेपण ओरखडे दिसले तरच. वॅक्स वेगळं, ते काही घासून काढत नाही, वरून मेणाचा थर देतं, ते दोन-तीन महिन्यांनी लावा खुशाल. आणि कोरड्या धुळीवर फडकं मारू नका, आपला सोलापुरी टॉवेल असला तरी! आधी पाणी, मग मायक्रोफायबरचं मऊ फडकं, अन् सावलीत, मे महिन्यात बॉनेटवर भाकरी भाजंल एवढं तापतंय.

एक वाचक, सोलापूर