‘अकरा घेत नाही’ म्हणून लॅपटॉप भंगारात?

संपादक महोदय,

विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि चांगले चालते लॅपटॉप ‘अकरा घेत नाही’ एवढ्याच कारणावरून भंगारात निघू लागले. विंडोज ११ ला इंटेलचा आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर आणि टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते, म्हणून ही यंत्रे बाद ठरतात. वेगाचा त्यात फारसा संबंध नाही. सहाव्या-सातव्या पिढीचा आय५ पत्रव्यवहार, ब्राउझर आणि ऑनलाइन वर्ग यांना आजही पुरतो. त्यावर विंडोजऐवजी लिनक्स मिंट २२ ही मोफत ऑपरेटिंग सिस्टिम घातली, तर एप्रिल २०२९ पर्यंत सुरक्षा अपडेट फुकट मिळतात.

मात्र आधी डिस्क पाहावी. आत अजून फिरती हार्ड डिस्क असेल, तर लिनक्स घालूनही लॅपटॉप रखडणारच. २४० किंवा २५६ जीबीची, २.५ इंची साटा एसएसडी (फिरते भाग नसलेली वेगवान डिस्क) बसवली की निम्मे काम झाले. जुनी डिस्क पुष्कळदा ९.५ मिमी जाड असते आणि एसएसडी ७ मिमी. त्यामुळे जुन्या डिस्कची पत्र्याची चौकट आणि तिचे चार स्क्रू फेकू नयेत, नाहीतर नवी डिस्क आत हलत राहते. रॅम ४ जीबी असेल तर ८ करावी, पण जुन्या रॅमवरचे लेबल वाचूनच दुकानात जावे. चौथ्या-पाचव्या पिढीच्या लॅपटॉपला १.३५ व्होल्टची डीडीआर३एल लागते. १.५ व्होल्टची साधी डीडीआर३ खाचेत चपखल बसते आणि लॅपटॉप बहुधा सुरूच होत नाही. रॅम वाढवायची नसेल, तर मिंटची हलकी एक्सएफसीई आवृत्ती घ्यावी.

मिंटची उतरवून घेतलेली आयएसओ फाइल पेन ड्राइव्हवर नुसती कॉपी करून भागत नाही. रूफस किंवा एचर या प्रोग्रामने ती लिहावी लागते. ८ जीबीचा पेन ड्राइव्ह पुरतो. सुरू करताना डेल आणि लेनोव्होत सहसा एफ१२, एचपीत एफ९ दाबून त्यावरून बूट करावे; मिंट डिस्कवर न घालता पेन ड्राइव्हवरूनच चालू होते. वाय-फाय, आवाज, कॅमेरा आणि झाकण मिटून उघडल्यावर पडदा परत येतो का, हे तिथेच तपासावे. तोवर डिस्कला हातही लागलेला नसतो.

इन्स्टॉल करताना डिस्कच दिसली नाही, तर बायोसमध्ये (लॅपटॉपच्या मूळ सेटिंगमध्ये) साटा मोड, म्हणजे डिस्क जोडण्याची पद्धत, ‘रेड’वरून ‘एएचसीआय’वर न्यावा. पण विंडोजही ठेवायचे असेल तर जरा थांबावे: ते आधी सेफ मोडमध्ये सुरू होईल अशी सोय केल्याशिवाय हा बदल केला, तर निळा पडदा ठरलेला. बिटलॉकर (विंडोजचे डिस्कला लागणारे कुलूप) चालू असेल, तर त्याची रिकव्हरी की त्याआधीच लिहून घ्यावी.

सर्वांत जास्त फसवते ते ब्रॉडकॉम कंपनीच्या चिपचे वाय-फाय; ते बहुधा वेगळ्या ड्रायव्हरशिवाय चालत नाही. फोन यूएसबी केबलने जोडून, टेदरिंग करून (फोनचे इंटरनेट लॅपटॉपला देऊन) मिंटच्या ड्रायव्हर मॅनेजरमधून त्याचा ड्रायव्हर घ्यावा लागतो. सिक्युअर बूट (मान्यताप्राप्त सॉफ्टवेअरच सुरू होऊ देणारी सोय) चालू असेल, तर त्या वेळी एक पासवर्ड ठरवायला सांगितले जाते आणि रीस्टार्ट झाल्यावर निळ्या पडद्यावर ‘एनरोल एमओके’ हा ड्रायव्हरला मान्यता देण्याचा पर्याय येतो. तो पडदा काही सेकंदच थांबतो. तेवढ्यात चहा आणायला गेलात, तर ड्रायव्हर डिस्कवर असूनही नाकारला जातो आणि दोष मात्र लिनक्सच्या माथी येतो.

अर्थात सगळ्यांनाच हा उपाय लागू नाही. टॅलीप्राइम विंडोजवरच चालते. ई-निविदांचे डिजिटल सही टोकन लावणाऱ्यांनीही आपल्या पोर्टलची सही करण्याची सोय लिनक्सवर चालते का, हे आधी बघावे. कॅनन एलबीपी २९०० प्रिंटर डोके खातो. एचपीचे बहुतेक प्रिंटर निमूट चालतात. मराठीसाठी इनस्क्रिप्ट कळफलक मिळतो, पण श्रीलिपी या युनिकोडआधीच्या फाँटमधल्या जुन्या फाइल तो फाँट असल्याशिवाय वाचता येत नाहीत. ज्या कार्यालयाचे दाखले आणि नमुने अजून श्रीलिपीत आहेत, तिथे एक यंत्र इंटरनेटशिवाय विंडोज १० वरच ठेवून फाइल हळूहळू युनिकोडमध्ये (कुठल्याही यंत्रावर वाचता येणाऱ्या अक्षरपद्धतीत) आणाव्यात आणि बाकीच्या यंत्रांवर खुशाल मिंट घालावे.

— संगणक दुरुस्तीच्या व्यवसायातील एक वाचक