स्टूल पुढे ठेवणाऱ्या डॉक्टरांना

आदरणीय डॉक्टर मॅडम,

सविनय नमस्कार.

गेल्या महिन्यात मी आपल्या तपासणीच्या खोलीत आले तेव्हा संध्याकाळचे सहा वाजून गेले होते. मी खुर्चीत टेकते न टेकते तोच आपण उठलात, कोपऱ्यातले लाकडी स्टूल स्वतः उचलून माझ्यासमोर आणून ठेवलेत आणि म्हणालात, "आधी पाय वर घ्या, मग बोलू." मला संकोच वाटला. डॉक्टरांच्या समोर, त्यांच्याच दिशेने तळवा करून बसायचे, हे आमच्या घरच्या वळणात बसणारे नव्हते. आपण ते ओळखलेत आणि माझी टाच हाताने धरून अलगद स्टुलावर टेकवलीत. त्या क्षणी मला रडू का आले, हे तेव्हा सांगता आले नाही, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

धाकट्या मुलीच्या जन्मानंतर दहाव्या दिवशी माझा डावा पाय मांडीपर्यंत सुजला. बाळंतपणाची सूज आहे, उतरेल, असे सांगून मला घरी पाठवण्यात आले. ती रक्ताची गुठळी होती हे कळेपर्यंत ती मांडीतून ओटीपोटातल्या मोठ्या शिरेत पोहोचली होती. पुढे सहा महिने गोळ्या घेतल्या आणि "आता तुम्ही बऱ्या झालात" हे वाक्य ऐकून मी शाळेत रुजू झाले. रक्त पातळ करणारी गोळी गुठळी वाढू देत नाही, पण असलेली गुठळी विरघळवण्याचे काम शरीरालाच करावे लागते, आणि जे विरघळत नाही त्याचा शिरेत कायमचा व्रण होऊन बसतो, हे मला १६ वर्षांत कोणीही सांगितले नव्हते.

या १६ वर्षांत मी अनेक दवाखान्यांत गेले. बहुतेक वेळा सकाळची वेळ मिळे, आणि रात्रभर आडवा राहिलेला पाय सकाळी जवळजवळ दुसऱ्या पायासारखाच दिसे. मग वजन कमी करा, चालत जा, मनाला लावून घेऊ नका, असे सल्ले मिळत. चालण्याचा सल्ला वाईट नव्हता. पण अजिंक्यताऱ्याच्या चढणीवर मांडी आतून फुटेल अशी ठणकू लागते आणि पाय वर करून बसल्याशिवाय ती कळ ओसरत नाही, हे ऐकून घ्यायला कोणी थांबले नाही. एका ठिकाणी तर ओटीपोटावर उमटलेल्या फुगीर शिरा शोभत नाहीत, त्या काढून टाकू, असेही सुचवले गेले. तेव्हा पैशांची सोय झाली नाही, हे माझे नशीब.

आपण मात्र फोनवरच सांगितलेत की शाळा सुटल्यावर, दिवसभर उभ्या राहिलेल्या पायानिशी या. मला उभे करून तपासलेत, तपासणीच्या यंत्राचा पडदा माझ्याकडे वळवून दाखवलात. उजव्या पायाकडे जाणारी धमनी डाव्या पायाच्या शिरेवरून ओलांडून जाते आणि काहींमध्ये तिला मणक्यावर दाबून धरते, मे आणि थर्नर या संशोधकांनी १९५७ मध्ये हे मांडले, आणि म्हणून माझा डावाच पाय का, हे मला प्रथमच उमगले. ती मुख्य शीर बंदच आहे. पण ज्या शिरा कुरूप म्हणून काढायच्या होत्या त्याच माझ्या डाव्या पायाचे रक्त उजवीकडे नेऊन हृदयाकडे पोहोचवत आहेत. खंबाटकीचा घाट बंद पडला की गावागावांतून आडवाटेने गाड्या निघतात, तशी ही माझी आडवाट. त्या शिरांकडे मी आता लाजेने पाहत नाही.

"शीर पूर्वीसारखी होईल असे मी सांगणार नाही," असेही आपण म्हणालात. स्टेंटचा, म्हणजे शीर उघडी ठेवणाऱ्या जाळीदार नळीचा, विचार कधी करावा लागेल आणि आज त्याची घाई का नाही, हेही समजावलेत. खोटी आशा न देता माणसाला धीर देता येतो, हा अनुभव मला नवा होता. विद्या अनेकांकडे असते; समोरच्याचे दुखणे खरे मानण्याची सभ्यता तिच्या जोडीला असली की रुग्ण अर्धी लढाई तिथेच जिंकतो. मी रोज ४० मुलांसमोर उभी असते, आणि एखादे मूल "पोटात दुखते" म्हणाले की त्याच्याकडे मी कसे पाहते, याचा विचार त्या दिवसापासून करते आहे.

अंथरुणातून उठण्यापूर्वी दाबाचा मोजा चढवते. घोट्याच्या आतल्या बाजूची काळवंडलेली त्वचा रोज पाहते, कारण जखम झाली तर ती तिथेच आणि हट्टी असेल, हे आपण बजावले आहे.

सासूबाई ७८ वर्षांच्या आहेत. त्यांच्यासमोर मी कधी पाय वर करून बसले नव्हते. त्या रात्री घरी आल्यावर आपण सांगितलेले सारे त्यांना सांगितले, स्टुलाचेही. त्या काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी शाळेतून आले तेव्हा माझ्या खुर्चीसमोर दुसरी खुर्ची मांडलेली होती, आणि तिच्यावर त्यांची स्वतःची उशी.

आपली कृतज्ञ,
साताऱ्याची एक शिक्षिका