आधी कापणं, मग रंग: दादांना जाहीर आभारपत्र

प्रिय दादा,

एटीव्हीचं, म्हणजे खडबडीत वाटांवर चालणाऱ्या जाड टायरांच्या चारचाकीचं, मडगार्ड कापणं आणि रंगवणं ही दोन कामं नाहीत, एकच काम आहे, हे तुम्ही आम्हाला दाखवलंत. हे पत्र जाहीर लिहितोय, कारण तुम्ही हातातली एकही गोष्ट धंद्याचं गुपित म्हणून झाकून ठेवली नाहीत. मग आम्ही का ठेवावी?

सगळ्यात मोठे आभार त्या कापून पडलेल्या पट्टीबद्दल. मोठ्या टायरसाठी मडगार्डची कड छाटली की उरलेला तुकडा कचऱ्यात जातो. तो जपून ठेवायला तुम्ही शिकवलंत. तेच प्लास्टिक, तितकंच ऊन खाल्लेलं, रंगाची चाचणी घ्यायला याहून चांगला नमुना कुठून आणणार? त्यातली नखाएवढी चकती पाण्यात बुडवायची, चिकटलेले बुडबुडे बोटाने काढायचे आणि सोडून बघायचं. वर आली तर पॉलिप्रॉपिलीन (पीपी) किंवा पॉलिइथिलीन (पीई), म्हणजे रंग सहज न धरणारं प्लास्टिक. तळाला गेली तर बहुधा एबीएस. त्याला रंग चांगला बसतो, पण कडक थिनरने ते मऊ पडतं आणि त्याला बारीक तडे जातात. मडगार्डच्या आतल्या अंगाला पीपी, पीई किंवा एबीएस असा शिक्का सापडला तर चकती बुडवायचीही गरज नाही.

कापायची रेघ गाडी उभी असताना मारायची नाही, हेही तुमचंच सांगणं. उभ्या गाडीत टायर आणि मडगार्ड यांच्यात हात जाईल इतकी जागा दिसते. ती फसवी असते. एका बाजूचा शॉकअप काढून जॅकने चाक पार वर न्यायचं, मग हँडल दोन्हीकडे शेवटपर्यंत फिरवायचं. टायर घासतो तिथे मास्किंग टेप लावायची आणि त्याच्या पुढे निदान २५ मिमी सोडून रेघ ओढायची, कारण टायरवर चिखलाचा थर चढला की तो आणखी फुगतो. पहिल्या कापात रेघेच्या अलीकडे १० मिमी राखायचे. कमी कापलेलं पुन्हा कापता येतं.

ग्राइंडर बाजूला ठेवायला लावलात, त्याबद्दल खास आभार. त्याच्या वेगाने प्लास्टिक कापलं जात नाही, वितळतं, आणि पात्यामागे पुन्हा चिकटत जातं. बारीक दात्यांचं पातं लावलेला, सगळ्यात हळू चालवलेला जिगसॉ, म्हणजे विजेवरची करवत, हवा, नाहीतर सरळ हॅकसॉचं पातं हातात धरायचं. रेघ जिथे आत वळते तिथे आधी ८ मिमीचं भोक पाडायचं आणि काप त्या भोकात आणून संपवायचा. आतला कोपरा टोकदार राहिला तर हादऱ्यांचा सगळा ताण तिथे गोळा होतो आणि तडा तिथूनच सुरू होतो. बोल्टच्या जागा, वायरिंगच्या क्लिपा, सायलेन्सरजवळची उष्णतारोधक पट्टी आणि पायाजवळचा भाग यांना हात लावायचा नाही. पायाजवळचं प्लास्टिक शोभेचं नाही, पाय चाकात जाऊ नये म्हणून आहे.

कापलेली कड कानशीने आणि मग १८०, ३२० नंबरच्या पॉलिश पेपरने गोल करायची. हे कंटाळवाणं काम आम्ही टाळू नये म्हणून तुम्ही कारणच समजावलंत: धारदार कडेवरून ओला रंग मागे सरतो, तिथे थर पातळ राहतो आणि पापुद्रा तिथूनच सुटतो.

रंगात बिघाड होतो तो बहुतेक वेळा धुण्यात. प्लास्टिक चमकवणाऱ्या स्प्रेमध्ये सिलिकॉन असतं. आधी घासलं तर ते ओरखड्यांत दाबलं जातं आणि रंगात माशाच्या डोळ्यासारखे खळगे पडतात. म्हणून आधी साबणपाणी, मग आयसोप्रोपिल अल्कोहोल, मग राखाडी घासपॅडने ओलं घासणं आणि पुन्हा अल्कोहोल. जाड पेपर आणि कोरडं घासणं नको, पॉलिप्रॉपिलीनला लव सुटते. यानंतर अ‍ॅडहेजन प्रमोटरचे, म्हणजे रंगाला प्लास्टिक धरायला लावणाऱ्या द्रवाचे, दोन पातळ थर. पीपी किंवा पीईवर हा टप्पा गाळला तर महागातला महाग रंगही नखाने निघतो. प्रमोटर घासायचा नाही, आणि डब्यावर दिलेल्या वेळेतच त्यावर रंग चढवायचा. रंगाचे ३-४ हलके थर, २०-२५ सेंमी अंतरावरून, दोन थरांत सुमारे १० मिनिटं. वरच्या क्लिअरमध्ये, म्हणजे शेवटच्या पारदर्शक थरात, लवचीकपणासाठी फ्लेक्स अ‍ॅडिटिव्ह, कारण मडगार्ड वाकतं. क्लिअर हार्डनरवालं असेल तर त्यात फुफ्फुसांना घातक असं आयसोसायनेट असतं. तिथे धुळीचा साधा मास्क चालत नाही, हे तुम्ही दर वेळी बजावलंत, त्याबद्दल मनापासून आभार.

लोखंडाचं थोडक्यात. कॅरिअर, बंपर, चाकांचे आर्म यांचा गंज ८० च्या पेपरने काढून १८० ने घासायचं, मग एपॉक्सी प्रायमर. ग्रीस निपल, बॉल जॉइंटची रबरं, शॉकअपचा चकचकीत दांडा आणि अर्थिंगची जागा टेपने झाकायची. बोल्टच्या डोक्याखाली जाड रंग राहिला तर तो दबत जातो आणि बोल्ट ढिला होतो. सायलेन्सरला उष्णता सोसणारा रंगच लावायचा, तोही साध्या प्रायमरविना, आणि डब्यावर दिलेल्या क्रमाने टप्प्याटप्प्याने तापवून पक्का करायचा.

रंग तासाभरात हाताला कोरडा लागतो, पण पुरता पक्का व्हायला आठवडा घ्यावा, तोवर प्रेशर वॉशर दूर ठेवावा. तुमच्या सांगण्यातला हा सगळ्यात जास्त मोडला जाणारा नियम आहे.

सोबत कापून उरलेली, रंगवलेली एक पट्टी पाठवतोय. मागे प्लास्टिकचं नाव, थरांची संख्या आणि तारीख लिहिली आहे. रंग धरला का ते बघायला त्यावर ब्लेडने चौकटी पाडा, टेप दाबून लावा आणि झटक्यात ओढा. नंतर पट्टी दुमडूनही बघा. एखादी चौकट जरी टेपला चिकटून आली तरी कळवा, आम्ही पुन्हा धुण्यापासून सुरू करू.

तुमच्याकडून शिकलेले,
आम्ही सगळे