फोटोखालचं नाव

चि. लाडक्या लेकीस,
अनेक आशीर्वाद.

जहांगीर आर्ट गॅलरीत पोर्ट्रेट फोटोंचं प्रदर्शन लागलंय, ते काल पाहून आले. तू कॅमेरा गळ्यात अडकवून मुंबईभर माणसांचे फोटो काढत हिंडतेस, म्हणून लगेच लिहायला बसले.

एका कोळणीच्या फोटोपुढून मला हलवेना. कृष्णधवल फोटो. उजेड एकाच बाजूने आलेला, अर्धा चेहरा सावलीत, आणि दोन्ही बुबुळांत खिडकीचा चौकोन लख्ख दिसतो. तू कॅचलाइट म्हणतेस तो हाच ना? पण मला धरून ठेवलं ते तिच्या नजरेनं. हनुवटी जराशी वर, ओठ मिटलेले. समोर कोण उभं आहे हे तिला ठाऊक आहे आणि 'काढ आता' असं तिनंच सांगितलेलं आहे. खाली तिचं नाव, आडनाव आणि कोळीवाडा, तिन्ही लिहिलेलं.

नावाचं एवढं का, सांगते. आपल्या मुंबईत 1854 मध्येच फोटोग्राफिक सोसायटी निघाली. भाऊ दाजी लाडांचे भाऊ डॉ. नारायण दाजी त्यात होते, स्वतः फोटो काढायचे. त्याच काळातला विल्यम जॉन्सन. त्यानं मुंबईतली माणसं स्टुडिओत उभी करून टिपली, वेगळ्याच देखाव्यांच्या फोटोंत बसवली आणि 1863 ते 1866 च्या दरम्यान त्यांचे दोन खंड लंडनमध्ये छापून आणले. कुठल्या जातीचे, कुठल्या जमातीचे, ते लिहिलं. पागोटी, लुगडी, दागिने सगळं नीट दिसतं, पण ती माणसं कोण होती? नुसते नमुने करून ठेवले त्यांचे. मला अजून राग येतो.

फोटोग्राफर यूसुफ कार्शनं 1941 साली चर्चिलच्या तोंडातला सिगार काढून घेतला आणि तो रागावलेला चेहरा जगभर गाजला, ही गोष्ट तू मला किती कौतुकानं सांगितली होतीस. फोटो थोरच आहे. पण चर्चिलला रागावता येत होतं गं. फुटपाथवर टोपली घेऊन बसलेल्या बाईला कुठे येतं? कॅमेरा पाहून ती पदर सावरते आणि गप्प बसते. त्या गप्प बसण्याला होकार समजू नकोस.

तू काढलेला आपल्या इस्त्रीवाल्या काकांचा फोटो मला फार आवडतो. कोळशाच्या इस्त्रीवरून वर आलेला त्यांचा चेहरा तुला नेमका सापडलाय. त्याची चांगली मोठी प्रिंट काढ, पैसे मी देते. काकांना नेऊन दे, त्यांचं नाव आणि गाव विचारून घे आणि तुझ्या वहीत फोटोखाली लिही.

प्रदर्शन सोमवारपर्यंत आहे, अकरा ते सात. तिकीट नाही. रविवारी आलीस तर मी पुन्हा येईन तुझ्याबरोबर.

तुझी,
आई