ग्लास-ओवेन कायद्यातले ओवेन

संपादक महोदय,

अमेरिकेच्या फेडरल रिझर्व्हने व्याजदराला हात लावला की आपल्या अर्थपानावर त्याची ठळक बातमी असते. ज्या कायद्याने ही बँक १९१३ साली जन्माला आली, त्याला ग्लास-ओवेन कायदाही म्हणतात. त्यातले रॉबर्ट ओवेन (सहकारी चळवळीतले ब्रिटिश ओवेन वेगळे) हे ओक्लाहोमाचे सिनेटर, आईकडून चेरोकी या अमेरिकेतल्या मूळनिवासी जमातीचे आणि पेशाने वकील. हे मात्र क्वचितच वाचायला मिळते.

ओवेन यांनी १८८० मध्ये वकिलीची सनद घेतली, पुढे मूळनिवासी जमातींसाठीचे सरकारी एजंट झाले, ओक्लाहोमातल्या मस्कोगी गावात बँक काढली. मला मात्र त्यांचा १९०६ चा खटला जास्त मोलाचा वाटतो. चेरोकींना १८३८-३९ मध्ये जॉर्जिया, टेनेसी भागातून हुसकावून मिसिसिपी नदीपार नेले. छावण्यांत आणि वाटेत हजारो माणसे दगावली. या हकालपट्टीचा खर्च सरकारने चेरोकींच्याच नावे टाकला! जमिनीच्या मोबदल्यातून ११,११,२८४ डॉलर ७० सेंट वळते केले. घरमालकालाच घराबाहेर काढायचे, वर टेम्पोचे भाडेही त्याच्याच खिशातून घ्यायचे, तसला प्रकार.

ही रक्कम परत मिळावी म्हणून ओवेन यांनी चेरोकींचा दावा लढवला. १२ जून १८३८ पासून ५ टक्के व्याजासह रक्कम देण्याचा निकाल सर्वोच्च न्यायालयात टिकला. माझे आयुष्य बँकेत गेल्यामुळे राहवले नाही, कागद घेऊन सरळव्याज मांडले. ६८ वर्षांचे व्याज मुद्दलाच्या ३.४ पट, म्हणजे एकूण सुमारे ४९ लाख डॉलर. वाटपासाठी ४५,८४७ अर्ज आले. त्यांतून पात्र ठरली साधारण ३० हजार माणसे, आणि प्रत्येकाच्या हाती पडले जेमतेम १३३ डॉलर. ज्यांना प्रत्यक्ष हाकलले होते, त्यांतले बहुतेक तोवर गेलेही होते.

म्हणून ओवेन यांना देव्हाऱ्यात बसवा, असे मी म्हणत नाही. जमातींच्या सामाईक जमिनी माणशी वाटल्या गेल्या, तेव्हा त्या विकण्यावरची बंधने उठवावीत, या मताचे हेच ओवेन होते. १९०८ च्या कायद्याने बरीच बंधने उठली आणि त्या जमिनी भराभर परक्यांच्या नावावर चढल्या.

आपला,
एक निवृत्त बँक कर्मचारी, डोंबिवली