टाचणीने तपासणाऱ्या डॉक्टर, तुम्हाला

प्रिय डॉक्टर,

आईला घरी सोडलं त्या दिवशी तुमची भेट झाली नाही. तुमची ड्युटी दुसऱ्या युनिटला लागली आहे, असं सिस्टर म्हणाल्या. नीट आभार मानायचे राहूनच गेले, म्हणून हे जाहीर पत्र. तुम्ही आम्हाला जे समजावलंत, ते पाठदुखीने रात्र रात्र जागणाऱ्या आणखी कुणापर्यंत पोचावं, हाही हेतू आहेच.

आई तुमच्यासमोर आली तेव्हा फायलीत कमरेचा एमआरआय होता. वयोमानाप्रमाणे मणक्यांची झीज, एवढंच त्यात. आधीच्या ठिकाणी त्यावरच गोळ्या, पट्टा आणि शेक चालू होतं. तुम्ही फाईल बाजूला ठेवलीत आणि आधी तिला चालून दाखवायला सांगितलंत. मग एकेक विचारत गेलात. आडवं पडल्यावर दुखणं वाढतं का? छातीभोवती कुणी आवळून धरल्यासारखं वाटतं का? चप्पल पायातून निसटली तरी कळत नाही, असं होतं का? लघवीचं विचारताना भावाला बाहेर थांबवलंत. आई सगळ्याला हो म्हणत होती, आणि त्यातलं बरंचसं मीसुद्धा तेव्हाच पहिल्यांदा ऐकत होते.

त्यानंतर टाचणी. पावलापासून हळूहळू वर नेत होतात. "लागतंय, पण बोथट," आई म्हणत राहिली. बरगड्यांच्या खालच्या कडेशी ती एकदम म्हणाली, "आत्ता टोचली." तिथे तुम्ही पेनाने रेघ मारलीत. तळपायावर किल्ली ओढलीत, तर अंगठा वर गेला. गुडघ्यावर हातोडी पडताच पाय उडाला. मज्जारज्जू कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्याशीच संपतो, हे तुम्ही तेव्हा सांगितलंत. कमरेतली नस दबली असती तर हे झटके मंदावले असते. ते वाढलेत, म्हणजे दाब वर आहे, मज्जारज्जूवर. छातीच्या भागाचा एमआरआय काढला आणि गाठ दिसली.

नंतर मी याबद्दल वाचत गेले. 1887 साली लंडनमध्ये विल्यम गॉवर्स यांनी असंच रोग्याला तपासून दाब कुठे आहे याचा अंदाज बांधला आणि व्हिक्टर हॉर्सली यांनी ऑपरेशन केलं. तेव्हा क्ष-किरणांचाही शोध लागलेला नव्हता. आधी उघडलेल्या जागी गाठ सापडली नाही. आणखी वर उघडलं तेव्हा सापडली. तो रोगी पुढे चालू लागला. हे वाचताना तुमची पेनाची रेघ आठवली, डॉक्टर.

गाठ म्हटल्यावर आमच्या सगळ्यांच्या मनात एकच शब्द आला. तुम्ही केसपेपरच्या मागे एकात एक तीन गोल काढलेत: बाहेर मणक्याचं हाड, आत आवरण, मधोमध मज्जारज्जू. हाडातली गाठ पुष्कळदा स्तन, फुप्फुस, प्रोस्टेट अशा ठिकाणच्या कॅन्सरमधून आलेली असते. तिथे रेडिएशन, औषधं आणि गरज पडल्यास दाब काढायला किंवा मणक्याला आधार द्यायला ऑपरेशन. मज्जारज्जूच्या आत वाढणाऱ्या गाठी सोडवायला सगळ्यांत अवघड. आणि आवरणाच्या आत पण मज्जारज्जूच्या बाहेर असणाऱ्या, मेनिंजिओमा किंवा श्वानोमासारख्या गाठी बहुतेक वेळा कॅन्सरच्या नसतात, पण दाबून दाबून पाय निकामी करू शकतात. आईची तिथली दिसत होती. "नाव मात्र पॅथॉलॉजीच सांगेल," हेही लगेच बजावलंत. त्या कागदामुळे आमच्या घरात पुन्हा धड बोलणं सुरू झालं. मी तो जपून ठेवला आहे.

तुम्ही खोटा दिलासा दिला नाहीत, याचे आभार तर विशेष मानायचे आहेत. मणक्याची मागची कमान काढून, मायक्रोस्कोपखाली, नसांचे संदेश यंत्रावर बघत गाठ काढतात, हे सांगताना पाय आणखी अधू होण्याचा धोकाही सांगितलात. आहे ती ताकद टिकवणं हा पहिला हेतू, गेलेली किती परत येईल ते आधी किती शिल्लक आहे यावर, असं म्हणालात. तारीख मिळेपर्यंत पायातलं बळ कमी होतंय असं वाटलं किंवा लघवी अडली, तर तारखेची वाट बघायची नाही, त्याच दिवशी इमर्जन्सीला यायचं, हे तर आईकडून दोनदा वदवून घेतलंत.

ऑपरेशननंतर ती शुद्धीवर आली तेव्हा तुम्ही तिथे होतात. "काकू, अंगठा हलवा," म्हणालात. उजवा हलला, डावा जरा उशिराने. कूस बदलताना खांदे आणि कंबर एकदमच वळवायची, हे तुम्ही मला स्वतः करून दाखवलंत. फिजिओथेरपिस्ट येईपर्यंत मी तेच करत होते.

रिपोर्ट मेनिंजिओमाचा आला, ग्रेड 1, म्हणजे सगळ्यांत सौम्य. गाठ पूर्ण निघाली असल्याने रेडिएशन लागलं नाही; आता ठरल्या वेळी एमआरआय करत राहायचं. आई काठीशिवाय चालते, कठडा धरून जिना चढते. डावा तळवा अजून बधिर आहे. तो तसाच राहू शकतो, हे तुम्ही आधीच सांगितलं होतंत, त्यामुळे ती त्याचा बाऊ करत नाही. तुम्ही भेटलात तर चालून दाखवायचंय, असं तिने मला इथे लिहायला सांगितलं आहे.

मनापासून आभार, डॉक्टर.

तुमच्या पेशंटची मुलगी