रात्री काय जेवालीस?

मनू,

तू दाद्याला पाठवलेला रिपोर्ट मी बघितला. त्याला रागावू नको, फोन टेबलावर उघडाच होता, तुझं नाव दिसलं म्हणून बघितलं. हिमोग्लोबिन ९.२. बाजूला बारीक अक्षरात बायकांना १२ च्या वर पाहिजे म्हणून लिहिलंय ते चष्मा लावून दोनदा वाचलं. फोनवर बोललो तर तू "होय बाबा, होय बाबा" करून ठेवून देतेस, म्हणून टाइप करतोय. ओरडायला नाही.

रात्री काय जेवालीस ते खरं सांग. दाद्या म्हणाला जेवणाचे पैसे वाचवायला पीजी सोडून नुसती रूम घेतलीस आणि रात्री चहा-बिस्किटावर झोपतेस. म्हणजे दर पाच तारखेला माझ्या खात्यात आठ हजार पडतात ते कुठनं येतात ते आता कळलं. आणि मी एवढे दिवस उद्यमबागेत चहाच्या गाड्यावर सगळ्यांना सांगत सुटलोय, पोरगी बेंगळूरात राहून घराचा हप्ता भरते म्हणून. काल गाड्यावर गेलोच नाही.

ऐंशी रुपये देऊन बीटचा ज्यूस पितेस म्हणे. बीट लाल आहे म्हणून रक्त वाढत नाही गं, त्यात लोह कमीच असतं, तुझ्या आईच्या वेळी डॉक्टरांनीच सांगितलं होतं. त्या एका ग्लासाच्या पैशात हुलगे किती येतात बघ. तिकडं हुरळी काळू म्हण, कुठलाही दुकानदार देईल. रात्रभर भिजव, सकाळी ओल्या फडक्यात बांधून ठेव, दुसऱ्या दिवशी मोड येतात. मोड आले की त्यातलं लोह अंगाला जास्त लागतं, वरनं लिंबू पिळायचं, आणि जेवणावर लगेच चहा नको, चहानं लोह अडतं, तासभर तरी थांब. डॉक्टरांनी दिलेली गोळी पण चहा-दुधाबरोबर घेऊ नको. शेवग्याचा पाला घे, तिकडं नुग्गे सोप्पू म्हण, हॉपकॉम्सच्या भाजी दुकानात नाहीतर गाडीवाल्याकडं. नाचणी तर तिकडच्यांचं रोजचं अन्न, शंभर ग्रॅमात साडेतीनशे मिलीग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं, आणि आपण ती आजाऱ्याला आंबील म्हणून देतो. फारच कंटाळा आला तर दोन अंडी उकड, पण बिस्किट नको.

झालं माझं लेक्चर सुरू. सॉरी. तू इंजिनियर, मी आयटीआय.

पण एक सांगतो, हे आईला पण पूर्ण माहीत नाही. माझा डावा अंगठा वाकडा आहे ना, तुला लहानपणी मी मांजर चावलं म्हणून सांगितलेलं आणि तू चौथीपर्यंत कुठल्या मांजराला हात लावला नाहीस. मांजर बिंजर काही नव्हतं. भोसरीत होतो, एका खोलीत सहा जण, आणि वडगावच्या आत्तीचं लग्न ठरलेलं. मेस बंद केली. सकाळी वडापाव, रात्री पाव चहात बुडवून, असं चार महिने, आणि घरी पत्रात लिहायचो की इथं जेवण चांगलं आहे, वजन वाढलंय. एका नाइट शिफ्टला प्रेस मशीनसमोर डोळ्यापुढं अंधारी आली, पडताना हात कुठं टेकला ते कळलंच नाही. चार महिन्यांत जेवढं वाचवलं त्याच्यापेक्षा जास्त दवाखान्यात गेलं आणि लग्नाला आज्जीनं पाटल्या विकल्या. आत्तीला आजपर्यंत सांगितलेलं नाही, तू पण सांगू नको.

म्हणून विचारतोय रात्री काय जेवालीस. तू ट्राफिकमध्ये स्कूटी चालवतेस.

पाच तारखेला पैसे घालू नको. हप्त्याचं मी बघतो, शेठकडं ओव्हरटाइम मागितलाय, दाद्या पण आता लागेल कुठंतरी. घातलेस तर मी परत पाठवीन, मला आता फोनवरनं येतंय. तुला सोडायला आलो होतो तेव्हा मी सरकारच्या इंदिरा कँटीनमध्ये जेवलो होतो आठवतंय? तू लाजून बाहेर उभी राहिलीस. दहा रुपयात पोट भरलं की. २०१७ पासून माणसं जेवतात तिथं, लाज कसली त्यात.

शनिवारी राणी चन्नम्मा रेल्वेनं शेजारचा पोरगा येणार आहे, त्याच्याकडं पिशवी देतोय. यळ्ळूरचे मसूर दोन किलो, शेंगाची चटणी, कारळ्याची चटणी, बेळगुंदीची रताळी थोडी, ती आधी संपव. आणि बिडाचा तवा. जड आहे म्हणून कुरकुर करशील, पण १९९९ साली फौंड्रीत ओतून घेऊन मी स्वतः लेथवर लावलाय, तुझ्या इंडक्शनवर पण चालतो. टोमॅटोची भाजी त्यातच परत, लोखंड थोडं थोडं उतरतं भाजीत. मात्र भाजी त्यात ठेवून द्यायची नाही, काळी पडते, आणि धुतल्यावर पुसून तेलाचा हात फिरव.

आईला ९.२ सांगितलेलं नाही. ११ सांगितलंय. तिचा फोन आला तर तू पण ११ च सांग.

बाबा